जुन्या सुमोत उजेड आणि मालाची जागा

टाटा सुमो १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ साली बनायची बंद झाली. तरीही आठवडी बाजार करणाऱ्या किती तरी कापडवाल्यांच्या दारात ती आजही उभी असते. चालीला दमदार, मिस्त्री गावोगाव मिळतात. पण आपल्या धंद्याच्या नजरेने पाहिले तर दोन बाबतींत ती कच्ची आहे: आतला उजेड आणि मागची जागा.

उजेडाचे महत्त्व मला नुकसान सोसून कळले. एकदा पहाटे अंधारात एका टेलर मास्तरांना काळ्या कापडाचे थान उतरवून दिले. त्यांनी दिव्याखालीच चार पँटी कापल्या. ऊन वर आले तेव्हा थान गडद निळे निघाले. थान आणि कापलेले कापड, दोन्हींचे पैसे माझ्या अंगावर पडले. कारण साधे आहे. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा फार थोडा असतो, म्हणून गडद निळे त्यात काळेच दिसते.

तेव्हा एलईडी घ्या, पण नुसती पांढरीशुभ्र पाहून घेऊ नका. स्वस्त एलईडीतही रंग फसवतात. पाकिटावर ५००० ते ६५०० केल्विन आणि सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेले असावे. सीआरआय म्हणजे रंग खरे दिसण्याचे माप. आधी जुना बल्ब काढून त्याची लांबी मोजा, कारण तो ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशा मापांत येतो. नवा बसवून पेटला नाही तर फेकू नका, उलटा लावून पाहा. एलईडीला धन-ऋण बाजू असते.

बॅटरीचा हिशेबही पाहा. १० वॅटचे दोन बल्ब रात्रभर, म्हणजे १२ तास चुकून चालू राहिले तर सुमारे २० अँपिअर-तास खातात. थकलेली बॅटरी सकाळी उठणार नाही. २ वॅटच्या दोन एलईडी तेवढ्याच वेळात ४ खातात. मागे माल ठेवतो तिथे वेगळी पट्टी लावायची तर तिची तार थेट बॅटरीवरून आणा, बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि वेगळे बटण द्या. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी वायसर हवाच. नाही तर कड घासून तार उघडी पडते, आणि शेजारी कापडाचे गठ्ठे! इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या वर जातो. म्हणून १२ ते २४ व्होल्ट लिहिलेली पट्टी जास्त टिकते.

आता जागा. बहुतेक सुमोंत मागे समोरासमोर बाकडी असतात. ती दुमडून १२ मिलिमीटरचे प्लायवूड टाकले की तळ सपाट होतो. त्याआधी रबरी चटई उचलून खालचा पत्रा पाहा. तिथे ओल असेल तर पावसाळ्यात गठ्ठ्याला बुरशी धरते. जड गठ्ठे खाली आणि मधल्या सीटच्या पाठीला टेकून, हलके वर. टपावर माल कमीत कमी, कारण वजन वर गेले की उंच गाडी वळणावर झुकते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे माल न बांधता नेणे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबली तरी ४० किलोचा गठ्ठा त्याच वेगाने पुढे येतो. तो वेग सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. पुढे आपली मुले, नोकर बसलेले असतात. म्हणून सीटमागे लोखंडी जाळी आणि गठ्ठ्यांवरून कसायचे रॅचेटचे पट्टे लावा. पट्ट्याचे हूक प्लायवूडला स्क्रूने मारू नका, उपटून येतात. ते सीटच्या नटबोल्टच्या जागी, चेसिसला पकडून बसवा.

एक कायद्याची बाब. बाकडी कायमची काढून टाकली तर आरसी बुकातील आसनसंख्येशी गाडी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल मनाने करता येत नाही. शिवाय खाजगी नोंदणीची गाडी रोज विक्रीचा माल वाहू लागली तर त्याच कायद्याच्या व्याख्येत ती मालवाहू ठरू शकते. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हाच मुद्दा काढू शकते. बाकडी दुमडूनच ठेवा, आणि रोजची फेरी असेल तर खर्च करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.