जमिनीतले जिवाणू आणि पोटातले जिवाणू

— ऊस विकास अधिकारी



लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांवर आपण या पानातून नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. नशिराबाद गटात प्लॉट पाहायला गेलं की हल्ली बांधावर एक प्रश्न निघतो : "साहेब, पोट कमी करायला मेडिकलमध्ये जिवाणूंची पुडी मिळते म्हणे. घ्यावी का?" प्रश्न जिवाणूंचा आहे, तेव्हा उत्तर आपल्या शेतीच्या भाषेत देता येण्यासारखं आहे.

अॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू ही कल्चरं आपण शेणखतात मिसळून देतो. कल्चर तेच, पण एका शेतात गुण येतो, शेजारच्या शेतात येत नाही. असं का? जिथं पाचट जाळलं, शेणखत बंद केलं, तिथं जिवाणूंना खायलाच काही उरलं नाही. आलेले पाहुणे उपाशी राहिले आणि संपले.

आपलं मोठं आतडं म्हणजे असंच एक रान आहे. माणसाच्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक इथंच राहतात. भाकरी, डाळी, भाजीपाल्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, ते त्यांचं अन्न. तो चोथा आंबवून ते काही आम्लं तयार करतात. आतड्याचं अस्तर निरोगी ठेवायला आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला ती उपयोगी पडतात.

मग लठ्ठपणाशी यांचा संबंध काय? अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुळ्या बहिणींच्या चार जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एक सडपातळ, एक लठ्ठ. त्यांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर चरबी जास्त चढली. पुढं दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांच्या पोटात जाऊन रुजले आणि त्यांची चरबी आटोक्यात राहिली. पण केव्हा? खाणं कमी चरबीचं आणि भरपूर चोथ्याचं असेल तेव्हाच! तुपकट, भाजीपाला-फळं कमी असलेल्या खाण्यावर ते रुजलेच नाहीत. म्हणजे पाचट जाळलेल्या रानासारखीच गत झाली.

आपल्याकडंही या विषयावर काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सडपातळ, साधारण वजनाचे, लठ्ठ आणि लठ्ठपणावर ऑपरेशन झालेले असे प्रत्येकी ५ भारतीय तपासले. लठ्ठ लोकांत बॅक्टेरॉइड्स जातीचे जिवाणू जास्त निघाले, ऑपरेशन झालेल्यांत ते कमी दिसले. माणसं थोडी, त्यामुळं यावरून पक्का निकाल देता येत नाही. परदेशातल्या पाहण्यांचे निष्कर्षही समाजागणिक वेगळे आले आहेत.

आता पुडीचा हिशेब. २०१८ साली १५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत एकूण ९५७ माणसं होती आणि पुडी किंवा तसे पदार्थ ३ ते १२ आठवडे दिले होते. वजनात सरासरी फरक पडला ६०० ग्रॅमचा! खर्च किती आणि उतारा किती, हे सभासदांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा आधी रान तयार करा. ज्वारीची, कळण्याची भाकरी, सालीसकट उडीद-मूग, मटकी, अंबाडी, मेथी, वांगी हे ताटात रोज फिरतं ठेवा. आपल्या जळगावच्या कच्च्या केळीतलं बरंचसं पिठूळ द्रव्य लहान आतड्यात न पचता थेट या जिवाणूंपर्यंत पोचतं; तिची भाजी जरूर करा. शेवभाजीची तर्री मात्र रोजची नको. घरचं ताक चांगलंच, पण नुसत्या ताकानं पोट उतरेल असं समजू नका. साध्या सर्दीला मनानंच अँटिबायोटिक कॅप्सूल घेऊ नका. ती उपयोगी जिवाणूंनाही मारते.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहायला अवघड वाटतं, तरी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं आहे की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. ५ टक्के, म्हणजे सुमारे ६ चमचे, याहून कमी असेल तर अधिक चांगलं. दिवसाचे चहा मोजून पाहा. ऊस आपलं पीक आहे, त्याचा अभिमान बाळगूच. पण म्हणून कपात चार चमचे घालायचं कारण नाही.

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांची गोळी सोडून पुडीवर भिस्त ठेवू नये. पुडी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि वेष्टनावर जिवाणूचं पूर्ण नाव, संख्या व मुदत छापलेली आहे ना, हे पाहून घ्यावं. कल्चरचं पाकीट घेताना आपण मुदत पाहतोच की!

यंदा तोडणीनंतर पाचट सरीत ठेवा. आणि ताटातला चोथाही टाकू नका.