भुलीच्या औषधांस विद्युत्-उद्दीपनाची जोड

शस्त्रक्रियेसाठी रोग्यास पूर्ण भूल देतात तेव्हा तीन गोष्टी साधावयाच्या असतात: शुद्धी हरपणे, वेदनेचा निरोध आणि स्नायूंचे शैथिल्य. चिनी सूचिचिकित्सेत सांगितलेल्या बिंदूंना सौम्य विद्युत्प्रवाह देण्याच्या पद्धतीचा संबंध मुख्यतः यांपैकी दुसऱ्या गोष्टीशी येतो. ही मर्यादा ध्यानात घेतली म्हणजे या विषयासंबंधीचे पुष्कळसे गैरसमज आपोआप दूर होतात.

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध आडवळणाने जुळतो. १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर हे होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये सूचिचिकित्सा आत्मसात केली व १९५९ मध्ये कलकत्त्यास तिचा आरंभ केला. १९५८ मध्येच शांघाय येथे केवळ सुयांच्या आधारे गलग्रंथी काढण्यात आल्या होत्या. पाश्चात्त्य जगाचे लक्ष मात्र १९७१ मध्ये पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या लेखाने वेधले. रेस्टन यांचे आंत्रपुच्छ सुया टोचून काढले, अशी समजूत पुढे पसरली. वस्तुतः शस्त्रक्रिया नेहमीची बधिरीकरणाची औषधे देऊनच झाली होती आणि सुयांचा उपयोग नंतरच्या त्रासावर करण्यात आला होता.

या परिणामाची शारीरिक उपपत्ती बऱ्याच अंशी उलगडली आहे. १९७६-७७ मधील प्रयोगांत नॅलॉक्सोन हे अफूविरोधी औषध दिले असता सूचिजन्य वेदनाशमन घटते, असे आढळले. म्हणजे शरीर स्वतःच अफूसदृश द्रव्ये स्रवते, असा निष्कर्ष निघतो. पेकिंगचे संशोधक हान जीशंग यांनी दाखविले की, सेकंदास २ स्पंदनांच्या प्रवाहाने मुख्यतः एन्केफॅलिन व एंडॉर्फिन, तर १०० स्पंदनांच्या प्रवाहाने डायनॉर्फिन स्रवते. सुईऐवजी त्वचेवर विद्युदग्र चिकटवूनही हे उद्दीपन करता येते.

सर्वांत भक्कम पुरावा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसंबंधी आहे. मनगटाच्या आतील घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मध्ये असलेल्या बिंदूच्या उद्दीपनाविषयी ५९ चाचण्यांचा व ७,६६७ रोग्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लटक्या उद्दीपनाच्या तुलनेत मळमळ व वांती दोन्ही कमी झाल्याचे त्यात दिसून आले. वेदनाशामकांची मात्रा घटते, असेही अनेक चाचण्या सांगतात. परंतु प्रवाह जाणवत असल्याने रोग्यास खरे व लटके उद्दीपन ओळखता येऊ शकते, आणि तेवढ्या प्रमाणात या निष्कर्षांचे बळ उणावते.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या विवेचनाचे महत्त्व विशेष आहे. मेहकर वा लोणारच्या रोग्यास भूल उतरल्यावर कमी ओकाऱ्या झाल्या, अफूजन्य औषध कमी लागले, तर तो लाभ खराच. पण विद्युदग्र श्वासमार्ग सांभाळीत नाहीत, रक्तदाब सावरीत नाहीत. त्यामुळे भूलतज्ज्ञाच्या अभावी हे यंत्र त्याच्या जागी बसविण्याचा मोह रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. हृदयात गतिनियामक यंत्र बसविलेल्या रोग्याच्या बाबतीत तर प्रवाह देण्यापूर्वीच विशेष सावधगिरी हवी. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाद्वारे सूचिचिकित्सेस कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. तथापि शस्त्रक्रियागृहात तिचे स्थान भुलीच्या सोबतीचे आहे, तिच्या जागेचे नव्हे.