कृषिपंपांतील वीजबचत

विहीर, विंधन विहीर, नदी वा कालवा यांतील पाणी उचलून पिकांना देण्यासाठी विजेवर चालणारे पंप वापरतात. पिकाला मिळणारे पाणी कमी न करता या पंपांचा वीजवापर घटविण्याच्या उपायांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. कडबाकुट्टी, दूध काढण्याचे यंत्र, कुक्कुटगृहातील दिवे व पंखे यांनाही शेतावर वीज लागते. परंतु महाराष्ट्रातील सर्वसामान्य शेतावर विजेचा फार मोठा भाग पाणी उचलण्यावरच खर्च होतो.

एक घन मी. पाणी एक मी. उंच उचलण्यास ९.८१ किलोज्यूल म्हणजे सु. ०.००२७ किलोवॉट-तास (युनिट) ऊर्जा लागते. त्यानुसार १,००० घ. मी. पाणी ३० मी. उचलण्यास सैद्धांतिक दृष्ट्या सु. ८२ युनिटे पुरतात. पंपसंचाची एकूण कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर याच कामास सु. १६४ युनिटे लागतात आणि ती २५ टक्के असेल, तर सु. ३२७. हा फरक पुष्कळदा कोणत्याही एका ढोबळ दोषामुळे पडत नाही. मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के, पंपाची ५५ टक्के व नळांची ७५ टक्के असल्यास यांपैकी एकही आकडा फारसा वाईट वाटत नाही; मात्र तिघांचा गुणाकार ३३ टक्केच होतो आणि मोटरीला दिलेल्या विजेपैकी दोन-तृतीयांश वाया जाते. त्यामुळे केवळ नवी मोटर घेऊन वीजबचत साधेल, ही समजूत अपुरी ठरते. पाणी विहिरीतून आत शिरते तेथपासून ते पाटात पडते तेथपर्यंतचा सर्व मार्ग एकत्रित तपासणे आवश्यक असते.

नळ व झडपा : सर्वांत स्वस्त सुधारणा येथेच होऊ शकते आणि दुर्लक्षही येथेच अधिक होते. ठराविक प्रवाहासाठी नळातील घर्षणव्यय व्यासाच्या साधारणतः पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. उदा., ६५ मिमी. व्यासाच्या १०० मी. लांब गुळगुळीत नळातून सेकंदास ६ लि. पाणी नेताना सु. ५ मी. शीर्ष (पाण्याच्या उंचीच्या रूपात मोजलेला दाब) खर्ची पडते. तेच ८० मिमी. नळात २ मी. पेक्षा कमी असते. म्हणजे अरुंद नळ घेऊन वाचविलेले पैसे पंप चालेल तितकी वर्षे विजेच्या रूपाने फेडावे लागतात. गंजलेल्या लोखंडी नळाऐवजी पीव्हीसी नळ, काटकोनी बाकाऐवजी मोठ्या त्रिज्येचा बाक व कमीत कमी सांधे यांमुळे हा व्यय आणखी घटतो. चोषण नळाच्या तळाशी बसविलेल्या झडपेची (फूटव्हॉल्व्हची) जाळी लहान किंवा शेवाळाने बुजलेली असल्यास पाणी आत येण्यासच अडथळा होतो. अशा झडपांसाठी भारतीय मानक १०८०५ उपलब्ध आहे. खरेदीच्या वेळी मात्र बहुधा किंमतच पाहिली जाते. विहिरीच्या काठावर बसविलेला केंद्रोत्सारी पंप पाण्याच्या पातळीपासून व्यवहारतः ६-७ मी. पेक्षा उंच ठेवू नये. पातळी उतरल्यास पंपही खाली घ्यावा.

पाणी सोडण्याच्या नळाचे तोंड हौदाच्या किंवा पाटाच्या वर दीड-दोन मी. उंच ठेवून धार खाली पाडण्याची पद्धत सर्वत्र आढळते. जाड धार दुरून दिसते, याखेरीज तिचा उपयोग नाही. एकूण उचल १५ मी. असेल, तर नळाचे तोंड दीड मी. खाली घेतल्याने सु. एक-दशांश काम वाचते व त्यास खर्च जवळजवळ नाही.

पंपाची निवड : प्रत्येक पंपाची कार्यक्षमता विशिष्ट शीर्ष व प्रवाह यांना महत्तम असते व त्याच्या दोन्ही बाजूंस ती घटते. भूजलाची पातळी उन्हाळ्यात खाली जात असल्याने एकच पंप वर्षभर महत्तम बिंदूवर चालत नाही, तेव्हा ज्या महिन्यांत सर्वाधिक तास पंप चालतो त्या महिन्यांतील पातळी निवडीसाठी प्रमाण मानावी. शेजाऱ्याने पाच अश्वशक्तीचा पंप घेतला म्हणून आपण साडेसातचा घ्यावा, ही प्रवृत्ती विहिरीच्या पाझरापेक्षा मोठा पंप बसविण्यास कारणीभूत होते; असा पंप विहीर लवकर रिकामी करतो व उरलेला वेळ पाणी साठण्याची वाट पाहण्यात जातो.

विद्युत् बाजू : प्रवर्तन मोटरीचा परिबल विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दाब कमी झाला की, मोटर जास्त प्रवाह घेते, तापते व अखेर जळते. पुन्हा गुंडाळताना कमी जाडीची तार वा निकृष्ट निरोधन वापरल्यास तिची कार्यक्षमता कायमची घटते. मोटरीला योग्य क्षमतेचे धारित्र (कपॅसिटर) जोडल्यास शक्तिगुणक सुधारतो. पाच अश्वशक्तीच्या मोटरीस साधारणतः २ केव्हीएआरचे धारित्र पुरते. शक्तिगुणक ०.७० वरून ०.९५ झाल्यास मोटरीमागील तारांतील प्रवाह सु. २६ टक्क्यांनी व त्या तारांतील विद्युत् ऱ्हास सु. ४६ टक्क्यांनी घटतो. ही बचत शेतकऱ्याच्या मीटरवर दिसत नाही. तथापि दाब सुधारल्याने मोटर जळण्याची शक्यता घटते आणि ती सुधारणा रोहित्रावरील (डीपीवरील) सर्वांच्या वाट्यास येते. एकट्यानेच धारित्र बसविल्यास मात्र फारसा फरक पडत नाही.

वीज रात्री येते तेव्हा अंधारात विहिरीवर जाण्याचा, विशेषतः सर्पदंशाचा, धोका टाळण्यासाठी शेतकरी स्वयंचलित स्विच (ऑटोस्विच) बसवितात. ते समजण्यासारखे आहे. परंतु पुरवठा सुरू होताच सर्व पंप एकदम चालू झाल्याने रोहित्रावर ताण येतो, शिवाय भिजलेल्या शेतातही पाणी वाहत राहते. वेगवेगळा विलंबकाल ठेवणारे स्विच वापरल्यास यातील पहिला दोष तरी टळतो. रोहित्रावरील भार कमी करण्यासाठी महाराष्ट्रात २०१८ पासून एक वा दोन पंपांस एक रोहित्र देणारी उच्च दाब वितरण प्रणाली राबविण्यात आली.

तपासणी : पंपसंचाची कार्यक्षमता शेतकऱ्यास स्वतः काढता येते. २०० लि. चे पिंप ४० सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदास ५ लि. झाला. पाण्याच्या पातळीपासून नळाच्या तोंडापर्यंतची उंची २० मी. असल्यास उपयुक्त शक्ती सु. ९८० वॉट होते. त्या वेळी मीटरवर सु. ३.९ किलोवॉट भार असेल, तर एकूण कार्यक्षमता २५ टक्के आहे. मीटर नसल्यास तारतंत्र्याकडील चिमटामापकाने प्रवाह मोजून अंदाज करता येतो.

ठिबक सिंचन : ठिबकाने पाणी वाचते, म्हणून वीजही वाचतेच, असे गृहीत धरले जाते, ते नेहमी खरे नसते. ठिबकासाठी गाळणी व नळ्या मिळून सु. २० मी. शीर्ष अधिक लागते असे धरू. पाण्याची गरज ४० टक्क्यांनी घटली, तर १२ मी. खोल विहिरीवर विजेचे काम १२ वरून १९ एककांवर जाते, म्हणजे वाढते; ८० मी. खोल विंधन विहिरीवर मात्र ते ८० वरून ६० वर येते. उथळ विहिरीवरील ठिबकाचे समर्थन पाणी व उत्पन्न यांच्या आधारे करावे, विजेच्या नव्हे.

खर्च कोणाचा : मीटरविरहित पंपांना अश्वशक्तीनुसार आकारणी होत असल्याने युनिटे वाचविण्याचा लाभ शेतकऱ्यास बिलात दिसत नाही. उलट पाटीवर तीन व आत पाच अश्वशक्ती असलेली मोटर बसविण्याचा मोह निर्माण होतो. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासनाने उचलल्यानंतर ही प्रेरणा आणखी क्षीण झाली आहे. वाया गेलेल्या विजेचा भार शासकीय अनुदानावर व इतर ग्राहकांच्या दरावर पडतो. शेतकऱ्याची हानी मात्र निराळ्या रूपाने चालूच राहते : दिवसातून मोजके तास मिळणाऱ्या पुरवठ्यात २५ टक्के कार्यक्षमतेचा पंप जेवढे पाणी देतो, त्याच्या दुप्पट पाणी तेवढीच वीज घेणारा ५० टक्क्यांचा पंप देतो आणि उन्हाळी पीक हाती लागणे न लागणे पुष्कळदा यावरच ठरते.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा येथे २०१० च्या सुमारास केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मार्गदर्शी प्रकल्पात २,२०९ जुने पंप बदलून त्याजागी उच्च कार्यक्षमतेचे पंप बसविण्यात आले. त्यानंतरच्या काळात भर सौरऊर्जेकडे वळला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७) व केंद्र शासनाची पीएम-कुसुम योजना (२०१९) यांमुळे दिवसा सिंचन करणे शक्य होऊ लागले. सौर पंपाला मिळणारी शक्ती पटलांच्या आकारमानाने मर्यादित असल्याने अरुंद नळ वा उंच सोडलेली धार यांचा परिणाम तेथे बिलात नव्हे, तर सायंकाळपर्यंत भिजलेल्या क्षेत्रात दिसतो.