पाणी पडतंय का?

नळदुर्ग किल्ल्याच्या तिकीट खिडकीशी पैसे पुढे करण्याआधी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "पाणी पडतंय का?" आतून मान नकारार्थी हलते. पौषातला मंगळवार आहे आणि नर-मादी धबधबे कोरडे आहेत. जीपमधून उतरलेल्या मंडळींत थोडी कुजबुज होते. मग आत जायचं कशाला, असं एकाचं म्हणणं. आलोच आहोत तर बघू, असं दुसऱ्याचं. शेवटी तिकिटं निघतात, कारण पोरं तोवर दरवाजातून आत पळालेली असतात.

तुळजापूरला पाय मोकळे करायला फारशी जागा नाही. डोंगराच्या कुशीत मंदिर आणि मंदिराला चिकटून कुंकवाची, बांगड्यांची, कवड्यांच्या माळांची दुकानं. कल्लोळावर अंघोळ, रांग, दर्शन, ओटी, परडी एवढं उरकलं की दुपार मोकळी राहते. अक्कलकोटला किंवा घराकडे निघालेल्या गाड्या मग नळदुर्गला वळतात. तालुका एकच आणि अंतर तासाभराच्या आतलं. बाया हिरवळीवर फडकं पसरून भाकरी सोडतात. त्यांच्या कपाळावरचा मळवट अजून ओलसर असतो. एखादी आजी चपला काढूनच बसते. देवीच्या गावावरून आल्यावर बागेतही चपला नकोशा वाटत असाव्यात.

ही हिरवळ तशी अलीकडची. राज्य सरकारच्या स्मारक संगोपन योजनेतून २०१४मध्ये किल्ल्याची देखभाल एका खासगी कंपनीकडे सोपवली गेली. त्यानंतर इथे बगीचा फुलला, होड्या आल्या, बाकडी आली. 'किल्ल्याचं पार्क केलं' हे वाक्य इथे कौतुकानेही ऐकू येतं आणि तक्रारीनेही. तक्रार करणाराही बहुधा बाकड्यावर बसूनच बोलत असतो.

सगळ्यांत जास्त प्रश्न झेलतो तो पाणीमहालाजवळ उभा असणारा राखणदार. वय साठीकडे झुकलेलं, गळ्यात शिट्टी, हातात काठी. ती काठी माणसांपेक्षा कुत्र्यांवरच जास्त उगारली जाते. लोक त्याला 'मामा' म्हणतात. पाण्याबद्दल कुणी विचारलं की तो उत्तर देण्याआधी एक आकडा सांगतो, "बुरूज ११४ हायेत, त्ये बघा आधी."

सोबतच्या कुटुंबातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा हे मनावर घेतो. तटाच्या कडेने चालत तो मोजायला लागतो. नऊ पाकळ्यांचा बुरूज एक धरायचा की नऊ, इथे त्याची पहिली अडचण होते. मामा न्याय देतो, "एकच." मुलाला ते पटत नाही.

उपळी बुरुजावर चढताना मोठ्यांचा दम निघतो. सत्तरहून अधिक पायऱ्या आहेत, आणि सकाळी तुळजापुरात उतरलेल्या पायऱ्या गुडघे विसरलेले नसतात. "तिथं देवीला खाली उतरायचं, इथं तोफंला वर चढायचं," असं म्हणत एक बाई मधल्या पायरीवरच टेकते. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. फोटोसाठी पोरं त्यांच्यावर घोड्यासारखी मांड टाकतात आणि खालून शिट्टी वाजते. या उंचीवरून दिसतो तो मुलूख कधीकाळी जिल्हाच होता, नळदुर्ग जिल्हा. १८५३मध्ये त्याचा कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर. पुढे सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबादवर निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी सोलापूरकडून येऊन हा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. सेल्फी काढणाऱ्यांपैकी कुणी हे विचारत नाही. मामालाही सांगायची घाई नाही.

त्याला सांगायचा असतो तो बंधारा. बोरी नदीचं पाणी किल्ल्यात अडवून, मूळ किल्ला आणि समोरचं रणमंडळ यांना जोडणारी ही भिंत आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमच्या काळात, १६१३मध्ये मीर इमादीनने उभी केली. तिच्या पोटात पाणीमहाल आहे. अरुंद जिन्याने उतरलं की आधी अंधार लागतो, आणि मग तो वास येतो: ओला दगड, शेवाळ आणि वटवाघळं यांचा एकत्र. बाहेर ऊन रखरखत असलं तरी भिंतीला हात लावला की तळवा गार पडतो. पावसाळ्यात पाणी भिंतीवरून कोसळतं तेव्हा खिडकीबाहेर त्याचा पडदा धरतो आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंबही येत नाही. आज त्या खिडकीतून दिसतात काळे कोरडे कातळ आणि तळाशी अडकलेल्या पाण्याच्या बाटल्या.

बाटल्या मामाच गोळा करतो. भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं मात्र त्याला पुसता येत नाहीत. एका बदामाशेजारी उभं राहून तो म्हणतो, "ह्यांची लग्नं झाली का न्हाई, कुणाला ठावं."

मळवट भरलेली आजी पाणीमहालातून सगळ्यांच्या शेवटी बाहेर येते. पदराने हात पुसत ती पुन्हा तेच विचारते, "पाणी न्हाईच का ओ मामा?"

"वरचं धरण भरून सांडलं की पडतंय, आजी."

"म्हंजी आमचं यणं वाया."

"वाया कसं?" मामा काठी भिंतीला टेकवतो. "सकाळी तुळजापुरात नळाला तोंड धुतलं न्हवं? त्ये ह्याच नदीचं."

ते खरं आहे. किल्ल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या बोरी धरणातून तुळजापूरला पिण्याचं पाणी जातं. ते धरण काठोकाठ भरून वाहिलं तरच नर-मादीच्या वाट्याला काही येतं. आजी थोडा वेळ खिडकीतल्या कातळाकडे बघते आणि हात पुन्हा त्या गार भिंतीला लावते. पदराने न पुसता, तसाच कपाळाला.

मुलाची मोजणी एकतीसवर येऊन थांबली आहे, कारण पुढची वाट काटेरी आहे आणि आईने हाक मारली आहे. उरलेले पुढच्या वेळी, असं तो मामाला बजावतो. "११४," मामा आठवण करून देतो. "नऊ जास्त," मुलगा म्हणतो आणि पळतो.

दाराशी गुलबर्ग्याकडची एक गाडी येऊन थांबली आहे. चालक काच खाली करतो.