क्लच हबचा नट आणि एप्रिलची घाई

मंडळी, महाराष्ट्रात वाढलेल्या आमच्या पिढीची यामाहा म्हणजे आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात ती भारतात बनली आणि गल्लीतल्या मिस्त्रीने तिचा क्लच डोळे मिटून खोलला. नट हलेना? लाव छन्नी, घाल हातोडी! ही विद्या गाठीला बांधून आम्ही टोकियोत आलो आणि गेल्या मार्चमध्ये ती आमच्यावरच उलटली.

आमची गाडी एसआर ४००. १९७८ साली बाजारात आलेली ही एक सिलिंडरची यामाहा जपानात २०२१ पर्यंत मिळत होती, आणि तीही फक्त किकवर सुरू होणारी. इंजिन ३९९ सीसीचं, कारण इथल्या साध्या मोटरसायकल परवान्यावर ४०० सीसीपर्यंतच चालवता येते. हा परवाना सोळाव्या वर्षापासून मिळतो. चिरंजीवांनी तो काढला होता. एप्रिलमध्ये ते सेंदाईला कॉलेजला निघायचे होते आणि गाडीही त्यांच्याबरोबर जायची होती. अडचण एवढीच, की इंजिन तापलं की न्यूट्रल सापडेना. सिग्नलला क्लच पूर्ण दाबलेला, तरी गाडी आपली पुढे सरकतेय! अशी गाडी पोराच्या हाती देऊन परगावी कसं पाठवायचं?

एका दुकानात मजुरीचा आकडा ऐकला आणि आम्ही नमस्कार करून परत आलो. मग इमारतीच्या व्यवस्थापकांना विचारून, खाली पुठ्ठे अंथरून, रविवारी दहानंतर काम काढलं. किक काढली, उजवं कव्हर काढलं, स्प्रिंगा आणि प्लेटी निघाल्या. आत दुखणं दिसलं. क्लच हब म्हणजे लोखंडी प्लेटी ज्याच्या दात्यांवर मागेपुढे सरकतात तो ॲल्युमिनियमचा गाभा. त्या दात्यांवर प्लेटींनी खाचा पाडल्या होत्या आणि प्लेटी त्यांत अडकत होत्या. क्लच सुटणार कसा? नवा हब आणलेला होताच. जुना तेवढा काढायचा.

तो एका मोठ्या नटाने गियरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला. नटाखालच्या वॉशरची वाकवलेली कड आम्ही सपाट केली, गाडी टॉप गियरमध्ये टाकली, चिरंजीवांनी मागचा ब्रेक दाबला. (टॉपच का? कारण त्या गियरमध्ये चाकावर सगळ्यात कमी जोर येतो, ब्रेकला धरून ठेवणं सोपं जातं.) पान्ह्याला लांब पाइप लावून लोंबकळलो. साखळी ताणली, चाक घसरलं, नट ढिम्म. त्यात आधीच्या कुणीतरी छन्नीने नटाचे कोपरे खाल्लेले, त्यामुळे आमचा बारा कोनांचा सॉकेट घसरायला लागला.

साताऱ्याला फोन लावला. वडील म्हणाले, "अरे, छन्नी नाही का तुझ्याकडे?" होती की! आम्ही ती उचललीही.

"बाबा, थांबा ना!" चिरंजीव जपानी मॅन्युअल मांडीवर घेऊन बसले होते. त्यातली कांजी आम्हाला वीस वर्षांतही धड वाचता येत नाहीत. "इथे हब धरायचं हत्यार दाखवलंय. चाक नाही, हबच धरायचा. आणि शाफ्टचे आटे गेले तर अख्खं इंजिन खोलावं लागेल."

आम्हाला राग आला, हे कबूल करतो. पण मुद्दा बिनतोड होता. शेजारचे आजोबा, ओता वॉर्डातल्या एका छोट्या कारखान्यात हयात घालवलेले, एवढा वेळ नुसते बघत उभे होते. तेही "सो, सो" म्हणाले आणि घरून सहा कोनांचा सॉकेट घेऊन आले. सहा कोनी सॉकेट नटाच्या कोपऱ्यांवर नाही, सपाट बाजूंवर जोर देतो. पुढच्या रविवारी हब धरायचं हत्यार आलं. चिरंजीवांनी ते दोन्ही हातांनी धरलं, आम्ही पान्हा ओढला. 'कट्' असा आवाज झाला आणि नट सुटला!

बसवणं सोपं वाटलं. नवा वॉशर, नवा हब, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्ह्याने नट आवळला, वॉशरची कड वाकवली. क्लचची बाहेरची टोपली फिरवून पाहतो तर जाम! चिरंजीवांनी ट्रेकडे बोट दाखवलं. हबमागची पातळ थ्रस्ट वॉशर जुन्या हबला तेलाने चिकटून बाहेर आली होती, ती तिथेच पडलेली. सौ. गॅलरीतून म्हणाल्या, "जेवायला किती वाजता येणार, तेवढं सांगा."

पुन्हा सगळं खोललं. या वेळी नट पाच मिनिटांत निघाला. आणखी एक नवा वॉशर मात्र खर्ची पडला. वाकवलेला वॉशर परत वापरू नये. प्लेटी तेलात भिजवून बसवल्या, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळले. तेल घेताना डब्यावर जासो एमए पाहूनच घ्या. ओल्या क्लचसाठीचं हे मानक १९९८ पासून आहे. मोटारीचं घसरणी कमी करणारं तेल घातलंत तर क्लचच घसरेल. जुनं तेल बोळे भरलेल्या खोक्यात ओतून टाकता येतं, पण आपल्या वॉर्डाचा नियम आधी विचारा.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वीस मिनिटं तापवून, चक्कर मारून सिग्नलला थांबलो. न्यूट्रलचा हिरवा दिवा लगेच लागला. मागे बसलेले चिरंजीव म्हणाले, "आता मी चालवू?" आम्ही उतरून मागे बसलो.