पिकअपची मागची बाजू आणि मालकाची जबाबदारी

पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा अशा रचनेच्या ज्या छोट्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात सरसकट पिकअप म्हटले जाते, ती अमेरिकेत बहुतांशी घरगुती वापराची गाडी असली, तरी इकडे ती पिवळ्या नंबरपाटीची आणि रोजच्या भाड्यातून स्वतःचा हप्ता फेडणारी व्यावसायिक गाडी आहे. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे सर्वांच्या ओळखीचा ‘छोटा हत्ती’, २०११ मध्ये आलेली अशोक लेलँडची दोस्त आणि महिंद्राची बोलेरो पिकअप अशा गाड्यांवर आज शेताच्या बांधापासून बाजार समितीपर्यंतची बरीचशी वाहतूक चालते. अशी गाडी घेताना ॲव्हरेज, हप्ता आणि भारक्षमता यांची बारकाईने चौकशी होते. परंतु हौद्याच्या मागे काय घडते आणि गाडी विकून झाल्यावर कागदावर कोणाचे नाव उरते, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि मालक सर्वांत मोठ्या संकटात सापडू शकतो तो नेमका याच दोन ठिकाणी.

पिकअप मागे घेताना चालकाला दिसते फार थोडे. हौदा भरून त्यावर ताडपत्री बांधली की केबिनमधल्या आरशाचा काही उपयोग राहत नाही, बाजूच्या दोन आरशांत गाडीच्या कडेचा पट्टा तेवढा दिसतो, आणि फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडत्या झडपेच्या, लगत उभे असलेले दोन-तीन वर्षांचे मूल कोणत्याच आरशात येत नाही. शिवाय ही गाडी मागे घेण्याची वेळ येते ती बहुधा माणसांच्या गर्दीतच: लिलावाच्या ओट्याला लागताना, दुकानासमोरच्या बोळात किंवा वस्तीवरच्या अंगणात.

ही उणीव भरून काढण्यासाठी मागच्या बंपरवर जे सेन्सर बसवतात, ते माणसाला ऐकू न येणाऱ्या, साधारण ४० किलोहर्ट्झ कंपनसंख्येच्या ध्वनिलहरी सोडतात आणि अडथळ्यावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी किती वेळात आला यावरून अंतर काढतात. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने एक मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी सुमारे सहा भाग लागतात, आणि अंतर घटत जाईल तसा केबिनमधला ‘बीप’ जलद होत शेवटी सलग वाजू लागतो. या साधनाच्या मर्यादाही त्याच्या तत्त्वातूनच येतात. गुळगुळीत भिंत ध्वनी चांगला परतवते. मऊ कापड तो शोषून घेते, बारीक खांबावरून तो पुरेसा परतत नाही आणि बंपरच्या पातळीखालचा दगड सेन्सरच्या टप्प्यातच येत नाही. पिकअपमध्ये याहून महत्त्वाची अडचण अशी, की सेन्सर अंतर मोजतो ते बंपरपासून, तर धडक बसते ती फाळक्याच्या किंवा मालाच्या टोकाची. खाली सोडलेला फाळका किंवा हौद्याबाहेर आलेल्या सळया बंपरच्या कितीतरी मागे असतात, आणि तेथे अजून मीटरभर जागा आहे असे सांगणारा सेन्सर तांत्रिकदृष्ट्या अचूक असूनही चालकाची दिशाभूल करतो. पावसाळी रस्त्यावरचा चिखल सेन्सरच्या तबकडीवर वाळला तर वेगळाच घोळ होतो, म्हणून रोज सकाळी ओल्या फडक्याने तबकड्या पुसणे हे तेलपाणी पाहण्याइतकेच आवश्यक समजले पाहिजे.

अमेरिकेत वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली एका दोन वर्षांच्या मुलाचा २००२ मध्ये मृत्यू झाला, त्यानंतर २००८ मध्ये त्या मुलाच्या नावाचा कायदा झाला आणि १ मे २०१८ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे पिकअपसकट जवळजवळ सर्व हलक्या नव्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागचा १० फूट बाय २० फुटांचा भाग पडद्यावर दिसला पाहिजे आणि रिव्हर्स गिअर पडताच दोन सेकंदांत चित्र उमटले पाहिजे, अशी त्या नियमाची अट आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. भाड्याच्या पिकअपच्या मालकाने मात्र सक्तीची वाट न पाहता सेन्सर आणि कॅमेरा दोन्ही बसवून घ्यावेत, आणि तरीही मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, बस’ सांगणारा माणूस कमी करू नये. कारण फाळक्याचे टोक कोठे आहे हे त्या माणसाला दिसते, बंपरवरच्या सेन्सरला नाही.

पुनर्विक्रीची किंमत विक्रीच्या दिवशी ठरते असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात ती प्रत्येक खेपेला ठरत जाते. पिकअपचा सारा भार चेसीवर, म्हणजे दोन लांब तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेल्या लोखंडी चौकटीवर, आणि तिच्याखालच्या पाट्यांवर असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटवर निघतो, तेव्हा १५०० किलो भारक्षमतेच्या गाडीत ७५ क्रेट भरले की नुसत्या फळानेच मर्यादा गाठली जाते. रिकाम्या क्रेटचे वजन त्यावर वेगळे. तरीही अनेकदा शंभर क्रेट चढवले जातात, पाटे बसू नयेत म्हणून जादा पाटे घातले जातात, आणि चेसी, ब्रेक व मागचा आक्सल मात्र मूळच्याच क्षमतेचे राहतात. जाणकार गिऱ्हाईक रंगाकडे नंतर पाहतो. आधी तो खाली वाकून चेसीवर वेल्डिंगची खूण शोधतो, पाटे मोजतो आणि हौद्याचा पत्रा उचकून बघतो, कारण मासळीच्या बर्फाच्या खारट पाण्याने आणि खतांच्या गोण्यांनी तो आतून खाल्लेला असतो. जादा भाराबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड ठरवला आहे. पण पकडल्या न गेलेल्या खेपांचा दंडही विकताना भरावाच लागतो.

विक्रीतला सर्वांत उपेक्षित भाग नावबदलाचा आहे. फिटनेस, म्हणजे ‘पासिंग’, मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते, कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवावा लागतो, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून ते दलालाच्या हाती देणे आणि पैसे मोजून घेतले की व्यवहार संपला असे मानणे, ही रीत अद्याप सर्रास आहे. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते.

ते न कळवण्याचे परिणाम सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट दिसतात. त्या प्रकरणात २००९ मध्ये रिव्हर्समध्ये येणाऱ्या एका मोटारीखाली एक मुलगा ठार झाला होता. मोटार तोपर्यंत अनेक हात बदलून गेली होती, मात्र नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. उच्च न्यायालयाने त्याला मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे ठरवून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली, कारण अपघातग्रस्त कुटुंबाने विक्रीच्या साखळीतला शेवटचा माणूस शोधत फिरावे, अशी अपेक्षा न्याय्य नाही. हा निकाल कठोर वाटला, तरी तो योग्य आहे.

पुढे २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांची नोंदणी सुरू झाली. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची रीतसर सूचना दिली की ती त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक समजला जातो. ही सोय नोंदणीकृत विक्रेत्यापुरतीच आहे, ओळखीच्या दलालाला ती लागू होत नाही. म्हणून पिकअप विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्यावी, आणि नव्या मालकाच्या नावाच्या आरसीची प्रत मिळेपर्यंत विमा चालू ठेवावा.