दोनशे छप्पन्न घरांचा ‘म’

मागच्या सत्रात आपल्या वाङ्मय मंडळाच्या ई-मासिकासाठी एक छोटंसं चिन्ह करायचं काम माझ्याकडे आलं. ब्राउझरमध्ये मासिक उघडलं की वर टॅबवर नावाशेजारी जे इवलंसं चित्र दिसतं, ते. आकार १६ बाय १६. मी म्हटलं, हे काय, पाच मिनिटांचं काम! मंडळाचं बोधचिन्ह तयारच आहे: उघडं पुस्तक, त्यावर लेखणी, मागे समई आणि खाली कमानीत मंडळाचं नाव. ते घेतलं, लहान केलं आणि लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं, “टॅबवर तो चहाचा डाग कसला पडलाय?”

तो डाग पुसून त्या जागी नीट चिन्ह बसवायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे मांडतोय. कुणाला गेमसाठी पात्र काढायचं असेल, कुणाला नुसतं चिन्ह, तर उपयोगी पडेल.

घरं मोजून काढलेलं चित्र

मोबाइलचा पडदा भिंगातून पाहिला तर बारीक बारीक चौकोनांची जाळी दिसते. यातला एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. मी त्याला सारीपाटासारखं ‘घर’ म्हणतो. नेहमीच्या फोटोत अशी लाखो घरं असतात, त्यामुळे एखादं इकडचं तिकडे झालं तरी कुणाला पत्ता लागत नाही. पिक्सेल आर्ट म्हणजे मुद्दाम थोडीच घरं घ्यायची आणि प्रत्येक घर आपण स्वतः ठरवून भरायचं. १६ बाय १६ म्हणजे २५६ घरं. ३२ बाय ३२ म्हणजे १०२४. बस, एवढीच जागा.

असं काढलेलं चित्र एखाद्या गोष्टीची खूण म्हणून वापरलं तर ते आयकॉन. आणि गेममध्ये मागच्या देखाव्यापासून सुटं राहून हलणारं, पळणारं, उड्या मारणारं चित्र असेल तर ते स्प्राइट.

आता माझा डाग का पडला ते सांगतो. मोठं चित्र लहान करताना संगणक शेजारशेजारच्या रंगांची सरासरी काढतो. समईची ज्योत पिवळी, मागची भिंत पांढरी, लेखणी काळी. तिघांचं मिळून एकच घर उरलं की त्यात भरतो मातकट तपकिरी रंग. संगणकाला ज्योत महत्त्वाची की भिंत, हे कळत नाही. ते आपल्याला कळतं. म्हणून छोटं चित्र हे मोठ्या चित्राला आकसून होत नाही. ते पहिल्यापासून छोटं म्हणूनच काढावं लागतं.

जुन्या लोकांनी काय केलं

या कामात सुझन केअर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९८४ साली बाजारात आलेल्या अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी त्यांनी चिन्हं काढली. त्या कलेच्या अभ्यासक, संगणकाचा अनुभव नाही. त्यांनी सरळ ग्राफ पेपर घेतला आणि घरं रंगवायला सुरुवात केली. पडदा फक्त काळा-पांढरा, करडा रंगसुद्धा नाही. एका चिन्हाला जागा ३२ बाय ३२. त्यात त्यांनी हसरा संगणक, कचऱ्याची बादली, वात लावलेला बॉम्ब असली चिन्हं बसवली. कचऱ्याच्या बादलीवर काही लिहावं लागलं नाही. जिने संगणक कधी पाहिला नव्हता तिलाही नको असलेला कागद कुठे टाकायचा ते कळलं.

दुसरं उदाहरण मारिओचं. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये शिगेरु मियामोतो यांनी हा माणूस पहिल्यांदा आणला. उंची जेमतेम सोळा घरं. एवढ्यात तोंड काढायला जागा नाही, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढणं अवघड, उडी मारताना ते हलायला हवेत, म्हणून डोक्यावर टोपी. हात अंगाच्या रंगात बुडून जाऊ नयेत म्हणून वेगळ्या रंगाचा, पट्ट्यांचा डगला. आज सगळ्या जगाला ओळखीचं असलेलं ते रूप हौसेपायी आलेलं नाही. ते अडचणीतून आलंय.

आणि आपण रोज पाठवतो त्या इमोजी? शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये जपानमधल्या एका मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच केला. प्रत्येक चित्र १२ बाय १२, म्हणजे १४४ घरं. माझ्या हातात तर २५६ होती. तक्रार करायला तोंडच नव्हतं!

आई म्हणाली, आधी मोज

हे सगळं वाचून मी रात्री लॅपटॉपवर घरं भरत बसलो होतो. शेजारी आई इरकल साडीच्या पदरावर कसुती घालत होती. आपल्या बेळगाव-धारवाड पट्ट्यात कसुती नवीन नाही, पण मी कधी नीट पाहिली नव्हती. तिच्या कापडावर नक्षी छापलेली नसते. ती कापडाचे धागे मोजते आणि टाका घालते. गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, सगळं मोजून. गवंतीची सरळ रेघ, मुरगीची पायऱ्या-पायऱ्यांची रेघ, मेंथीची फुली. माझ्या पडद्याकडे बघून ती म्हणाली, “अरे, हे तर आमचंच काम आहे की. तू मोजत नाहीस, म्हणून तुझं वाकडं येतंय.”

खरंच तसं होतं. मग मोजायला लागलो. जे हाती लागलं ते असं.

पहिलं, आधी सावली काढा. समजा कळशी काढायची आहे. आत रंग, चकाकी, नक्षी काही नको. एकाच काळ्या रंगात फक्त बाहेरचा आकार भरा. अरुंद गळा, पसरट काठ, गोल पोट. लांबून बघितल्यावर ‘कळशी’ असं चटकन तोंडात आलं तर पुढे जा. नाही आलं तर कितीही रंग भरा, उपयोग नाही. गळा आणखी एक घर अरुंद करून बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

दुसरं, पायऱ्या सारख्या ठेवा. तिरकी रेघ म्हणजे घरांचा जिना. दोन-दोन-दोन-दोन अशा पायऱ्या असतील तर रेघ सरळ वाटते. तीन-एक-दोन-तीन झाल्या की दात पडल्यासारखी दिसते. गोलाईला पायऱ्या क्रमाने कमी करत न्यायच्या: पाच, तीन, दोन, एक, आणि मग उलट एक, दोन, तीन, पाच. मधेच क्रम चुकला की गोलावर टेंगूळ येतं. एका घराच्या जाडीची रेघ वळते तिथे कोपऱ्यात जास्तीचं घर राहिलेलं असतं, ते पुसून टाका. रेघ लगेच हलकी होते.

तिसरं, रंग मोजके घ्या. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या घरगुती गेम यंत्रात एका स्प्राइटला तीनच रंग मिळायचे, चौथी जागा पारदर्शक. आज बंधन नाही, पण नवशिक्याने ते स्वतःवर घालून घ्यावं. कळशीला एक मूळ पितळी रंग, एक उजेडाचा, एक सावलीचा. सावलीचा रंग म्हणजे त्याच रंगात काळा मिसळायचा असं नाही, त्याने चित्र मळकट होतं. सावली थोडी तांबूस-जांभळ्याकडे न्या, उजेड पिवळ्याकडे. पितळ चमकायला लागतं.

चौथं, उजेड कुठून येतो ते एकदाच ठरवा. डावीकडून वरून, असं म्हटलं की सगळ्या चित्रात तसंच. पुष्कळ जण कडेने गडद आणि मधे फिकट असं गोल फिरवून रंगवतात. मग कळशी फुगलेल्या उशीसारखी दिसते.

पाचवं, मोठं करायचं तर पूर्ण पटीत करा. १६ चं ३२ करा, ४८ करा, ६४ करा. ४० केलंत तर काही घरं दोनची होतील, काही तीनची, आणि मोजलेलं सगळं पाण्यात. मोठं करताना सॉफ्टवेअरमध्ये ‘निअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडायचा, म्हणजे कडा पुसट होत नाहीत. फाइल पीएनजी ठेवा. जेपीजी जागा वाचवायला शेजारच्या रंगांत ढवळाढवळ करतं आणि कडेला घाण सोडतं.

साधनांचं म्हणाल तर पिस्केल हे ब्राउझरमध्ये फुकट चालतं. एसप्राइट विकत मिळतं, गेम करणारे ते पुष्कळ वापरतात. आणि काहीच नसेल तर ग्राफची वही आणि पेन्सिल. केअरबाईंचं त्यावर भागलं होतं.

शेवटी ‘म’

पुस्तक, समई, लेखणी यांतलं एकेक करून सगळं काढून बघितलं. पुस्तक काढलं तर ते कुठल्याही वाचनालयाचं वाटायचं. समई काढली तर देवघराचं. मग वाटलं, आपल्या मंडळाची खूण म्हणजे आपलं अक्षरच की! ‘मराठी’चा ‘म’.

ग्राफची वही असेल तर सोबत काढा. ओळी वरून मोजायच्या, रकाने डावीकडून. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत दुसऱ्या रकान्यापासून पंधराव्यापर्यंत शिरोरेषा: २८ घरं. बाराव्या-तेराव्या रकान्यात पाचव्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत उजवी दांडी: २० घरं. पाचव्या-सहाव्या रकान्यात पाचव्या ते नवव्या ओळीपर्यंत डावी दांडी: १० घरं. तिच्या पायथ्याशी गाठ: तिसऱ्या ते सहाव्या रकान्यात, दहाव्या ते तेराव्या ओळीत चार बाय चारचा चौकोन, मधली दोन बाय दोन जागा रिकामी, म्हणजे १२ घरं. आणि गाठीपासून उजव्या दांडीपर्यंत दहाव्या-अकराव्या ओळीत आडवी रेघ: १० घरं. एकूण ८०. उरलेली १७६ घरं कोरी.

मला ते जरा जड वाटलं. अक्षरात थोडी हवा खेळू दे म्हणून मी शिरोरेषेतली सातव्या-आठव्या रकान्यातली चार घरं पुसली. छान मोकळं दिसायला लागलं. खुशीत लॅपटॉप आईपुढे धरला, काही न सांगता. चष्मा नव्हता तिच्या डोळ्यांवर. तिने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, “‘भ’ कशाला काढलायस?”

चार घरं! ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात मुख्य फरक काय, तर शिरोरेषेत पडलेली फट. ‘घ’ आणि ‘ध’ यांचंही तेच. मी सजावट म्हणून जी जागा मोकळी केली, तीच नेमकी अक्षराचा अर्थ सांभाळत होती. जुन्या वळणाचा ‘ख’ सुटा पडला की ‘रव’ वाचला जायचा, म्हणून पुढे त्याचा पाय जोडून घेतला, हे आपण वर्गात शिकलोय. पण शिकणं वेगळं आणि आपल्या हातून ‘म’चा ‘भ’ होणं वेगळं.

बेळगावात वाढलेल्या माणसाला तीन लिप्यांच्या पाट्यांमधून आपलं अक्षर लांबून हुडकायची सवय असते. ते अक्षर चटकन ओळखू येणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पंधरा टॅब उघडे असले की त्यांच्या गर्दीत आपलं मासिक तसंच हुडकावं लागतं. तिथे ‘भ’ दिसून चालणार नव्हतं.

ती चार घरं मी परत भरली. जडपणा घालवायला दुसरा उपाय केला: अक्षर काळ्याऐवजी गडद तांबडं केलं, मागे फिकट पिवळा रंग दिला. आईला परत दाखवलं. या वेळी ती काहीच बोलली नाही, नुसतं “हं, ‘म’” म्हणाली आणि परत धागे मोजायला लागली.

आता मासिक उघडलंत की वर टॅबकडे एकदा बघा. आणि ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी पहिल्या दिवशी मोठं काही घेऊ नका. आपल्या नावाचं पहिलं अक्षर घ्या, १६ बाय १६ घरं आखा, भरा आणि घरात ज्यांची नजर सगळ्यात अधू आहे त्यांना लांबून दाखवा. काय काढलंय ते आधी सांगू मात्र नका.